चारशे किलोमीटर आणि मागची सीट

पुण्याहून वेंगुर्ल्याला आमच्या सासरी जायचे म्हणजे निपाणी, आजरा आणि आंबोलीमार्गे सुमारे चारशे किलोमीटरचा रस्ता. मोठी माणसे एखादा चहा घेऊन तो सात-आठ तासांत उरकतात. पण मागच्या सीटवर सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा असला की त्याच रस्त्याला अख्खा दिवस लागतो, आणि तो दिवस कसा जाईल हे गाडीच्या वेगापेक्षा मागे काय चालले आहे यावर अधिक ठरते. आता सुट्ट्या जवळ आल्यामुळे अनेक मैत्रिणी विचारतात की एवढा वेळ मुलांना गाडीत गुंतवायचे तरी कशात. माझे मत असे झाले आहे की, मुलांसाठी गाडीत काय काय भरायचे याचा आपण फार विचार करतो आणि खिडकीबाहेर काय काय आहे याचा फार कमी करतो.

हे मत केवळ हौसेचे नाही, त्याला शरीराचे कारण आहे. गाडी वळणे घेते तेव्हा कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय मेंदूला सांगत असते की आपण हलतो आहोत. त्याच वेळी डोळे पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले असतील तर ते सांगतात की समोरचे सगळे स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की मळमळू लागते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. साधारण दोन ते बारा या वयात तो अधिक दिसतो. म्हणजे ज्या वयाच्या मुलांच्या हातात आपण चित्रे रंगवायची वही देतो, त्याच वयात ती वही पोटाला सर्वांत कमी मानवते. उलट दूरच्या डोंगराकडे किंवा पुढच्या रस्त्याकडे पाहत राहिले तर डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात. तेव्हा मुलांना बाहेर बघायला लावणे हा करमणुकीचा मार्ग आहे आणि उलटी टाळण्याचाही.

बाहेर बघायचे तर आधी बाहेरचे दिसायला हवे. लहान मूल नुसत्या सीटवर बसले की त्याला पुढच्या सीटची पाठ आणि आभाळाचा एक तुकडा एवढेच दिसते, आणि मग ते उभे राहायला धडपडते. मुलांची वेगळी सीट घेतली की मूल उंच बसते आणि त्याची खिडकी खरोखर त्याची होते. ही सीट मुळात सुरक्षिततेसाठी असते हे वेगळे सांगायला नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा मुलांच्या सीटविना गाडीत बसवल्यास १,००० रुपये दंड आहे. तरीही आपल्याकडे बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची पद्धत काही जात नाही, आणि त्या जागी एअरबॅग उघडली तर काय होईल याचा विचार करायला कोणी तयार नसते. आमच्या गाडीत सासूबाई पुढे बसतात, दोन्ही मुले दोन खिडक्यांशी आणि मी मध्ये. मधली जागा गैरसोयीची आहे खरी, पण दोघांच्या हद्दीवर माणूस बसलेले असले की निम्मी भांडणे उगवतच नाहीत.

आता रस्ता. ‘अजून किती वेळ?’ या प्रश्नाला ‘तीन तास’ हे उत्तर देण्यात अर्थ नसतो, कारण तीन वर्षांच्या मुलाला तास कळत नाही आणि सात वर्षांच्या मुलीला तो फारच चांगला कळतो. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पाठकोऱ्या कागदांची लांब पट्टी चिकटवतो आणि थोरली तिच्यावर रस्ता काढते: कात्रजचा बोगदा, खंबाटकीचा घाट, साताऱ्याचा अजिंक्यतारा, कराडचा संगम, कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी आणि शेवटी समुद्र. धाकट्याच्या ताब्यात टिकल्यांचे एक पाकीट असते. एकेक ठिकाण मागे पडले की त्याने त्या चित्रावर टिकली लावायची. तो टिकली बोटाच्या टोकावर घेतो, जीभ बाहेर काढून बराच वेळ नेम धरतो आणि अजिंक्यताऱ्याऐवजी शेजारच्या कोऱ्या जागेवर ती दाबून बसवतो. मग थोरली ती नखाने सोडवून योग्य जागी लावते आणि त्यावरून जो वाद होतो त्यात उंब्रज येते. उरलेल्या टिकल्या खिडकीच्या काचेवर, स्वतःच्या नखांवर आणि नाश्त्याला थांबलो की आजीच्या गालांवर जातात. दहा-वीस रुपयांच्या या पाकिटाने जेवढी सोबत केली आहे तेवढी महागड्या ‘प्रवासी खेळण्यां’नी केलेली नाही. वर्षा-दीड वर्षाच्या बाळाच्या हाती मात्र टिकल्या देऊ नयेत, ते थेट तोंडात घालते.

या रस्त्याची खरी श्रीमंती म्हणजे त्याच्या नद्या. शिरवळच्या अलीकडे नीरा लागते, भुईंजला कृष्णा, साताऱ्याच्या तोंडाशी वेण्णा, पुढे उरमोडी, उंब्रजला तारळी, कराडला कोयना, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवर वारणा, मग पंचगंगा, कागलच्या पुढे दूधगंगा आणि निपाणीच्या अलीकडे वेदगंगा. पूल दिसला की जो आधी ‘नदी!’ म्हणेल त्याचा गुण, एवढा साधा हा खेळ आहे. धाकट्याला नावे येत नाहीत, त्यामुळे त्याच्यासाठी पाणी आहे की नाही, त्यात म्हशी आहेत की नाही, हेच महत्त्वाचे. थोरलीचा खेळ मात्र हळूहळू पुढे सरकला. पाणी कुठून कुठे चालले आहे हे ती पाहू लागली आणि वारणेच्या पुलावर तिने विचारले, “आई, ही पण तिकडेच चालली? समुद्र तर आपल्या उजवीकडे आहे ना?”

हा प्रश्न चांगला तासभर पुरला. समुद्र पश्चिमेला, अगदी हाकेच्या अंतरावर म्हणावा असा, आणि या सगळ्या नद्या त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघालेल्या. नीरा भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. बाकीच्याही या ना त्या वाटेने कृष्णेतच जातात, आणि कृष्णा थेट आंध्र प्रदेशात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीची भिंत मध्ये आहे म्हणून हे असे होते, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य तिला अजून यायचे आहे. पण गाडीतून ती भिंत उजव्या हाताला सतत दिसत असते. आजऱ्याला हिरण्यकेशी भेटते, तीही आंबोलीत उगम पावून पूर्वेकडेच वाहणारी. पुढे आंबोलीचा घाट उतरायला लागलो की पहिल्याच ओढ्याला थोरली ओरडते, “हा आपल्याबरोबर येतोय!” नकाशावर बोट ठेवून हे शिकवता आले असते, पण त्यात ही मजा नाही.

याच कारणासाठी आम्ही कराडला महामार्ग सोडून गावात शिरतो आणि प्रीतिसंगमावर थांबतो. उत्तरेकडून आलेली कृष्णा आणि पश्चिमेकडून आलेली कोयना इथे जवळजवळ समोरासमोर येऊन मिळतात आणि पूर्वेकडे वळतात. दोघींचाही उगम महाबळेश्वरचा, आणि दोघीही थोड्या वेळापूर्वीच पुलावरून पाहिलेल्या, त्यामुळे मुलांना ही ओळखीच्या माणसांची भेट वाटते. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच आहे. भोवती बाग आहे, पायऱ्या आहेत, धावायला मोकळी जागा आहे. महामार्गावरच्या हॉटेलात आपण थांबतो तेव्हा मूल गाडीच्या सीटवरून उठून खुर्चीवर बसते, एवढाच काय तो फरक पडतो. दर दोन तासांनी थांबावे हे सगळेच सांगतात, पण थांबल्यावर मुलांच्या पायांना काम मिळाले नाही तर त्या थांब्याचा उपयोग फक्त चहापुरता असतो. वीस मिनिटे दमेपर्यंत पळालेली मुले पुढचा तासभर आपण होऊन शांत बसतात.

गाड्यांच्या पाट्यांचा खेळ पुष्कळांना ठाऊक असतो, पण तो वयानुसार बदलता येतो हे लक्षात घेतले जात नाही. अक्षरओळख नसलेल्या मुलाला रंग पुरतात: पांढरी पाटी घरच्या गाडीची, पिवळी भाड्याच्या गाडीची, हिरवी विजेवर चालणारीची, आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असली तर ती स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली. हिरवी दिसली की आमच्याकडे टाळ्या पडतात. वाचता येणाऱ्या मुलाला आकडे द्यावेत. एमएच १२ पुण्याची, १४ पिंपरी-चिंचवडची, ११ साताऱ्याची, ५० कराडची, १० सांगलीची, ०९ कोल्हापूरची आणि ०७ आमच्या सिंधुदुर्गाची. पुण्यात ०७ दिसली तर ते सोने, कणकवलीत दिसली तर माती, हे मुलीने स्वतः ठरवलेले भाव आहेत. कोगनोळीला आपण कर्नाटकात शिरतो आणि निपाणीवरून पुन्हा महाराष्ट्रात येतो; तेवढ्या पट्ट्यात पाट्या केए २२ आणि २३ च्या होतात, दुकानांवरची अक्षरे गोल होतात, आणि ज्याला आधी कानडी अक्षर दिसेल त्याला दोन गुण. मैलाच्या दगडांचेही तसेच आहे. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा आणि हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा, एवढे सांगून ठेवले की वळणावर रस्ता बदलला हे मुलेच आपल्याला सांगतात.

डोळे थकले की तोंडाचे खेळ सुरू होतात, आणि तिथे सासूबाईंचे राज्य असते. गाण्यांच्या भेंड्या मुलांना फारशा जमत नाहीत, कारण त्यांना येणारी गाणी मोजकी. गावांच्या भेंड्या मात्र पहिली-दुसरीतली मुलेही खेळतात. त्यात अडचण एकच, आपली निम्मी गावे ‘पूर’ने संपतात. कोल्हापूर, सोलापूर, नागपूर, इस्लामपूर असे होत होत सगळा भार ‘र’वर येतो आणि रत्नागिरी, राजापूर, राधानगरी, रहिमतपूर संपले की राहुरीवर धाव घ्यावी लागते. ‘ण’ आला तर ‘न’ चालतो, ‘ळ’ला ‘ल’, हे नियम आधीच ठरवून घ्यावेत, नाहीतर पेठ नाक्यापाशी न्यायनिवाडा करत बसावे लागते. धाकट्यासाठी ‘चिमणी उड, कावळा उड’ आहे, पट्टा बांधूनही तो मांडीवर बोट टेकवून खेळता येतो आणि ‘म्हैस उड’ला त्याने बोट उचलले की गाडीभर हसू होते.

कोड्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिण्याजोगे आहे. सासूबाई जुनी कोडी घालतात: “कोकणातून आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर झाल्या लेकी.” उत्तर लसूण. “काळी गाय काटे खाय, पाणी पाहून उभी राहाय.” उत्तर चप्पल. शहरात वाढलेल्या मुलांना पाणी आले की वहाण काढून हातात घ्यायची असते हेच ठाऊक नसते, त्यामुळे उत्तरापेक्षा उत्तराचे स्पष्टीकरण लांबते, आणि लांबणे हेच तर आपल्याला हवे असते. पण जुनी कोडी संपतात. तेव्हा आम्ही मुलांना सांगतो की आता खिडकीतून जे दिसते त्यावर कोडे करा. दिवाळीच्या सुट्टीत कारखाने सुरू होण्याच्या सुमारास निघालो होतो तेव्हा थोरलीने केलेले कोडे असे होते: “पाठीवर शेत, मागे दोन शेपट्या, आणि जाताना गाणी म्हणत जातो.” उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्याने गाणी लावून चाललेला ट्रॅक्टर तेव्हा आमच्या पुढेच होता. कोडे रचण्यासाठी आधी वस्तूकडे नीट पाहावे लागते, आणि एका कोड्यामागे पाच-दहा किलोमीटर सहज जातात. मला हा सगळ्या खेळांत उत्तम वाटतो.

मोबाइलविषयी मी सोवळे पाळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाहून अधिक नको. हा एक तास कुठे खर्च करायचा हे मात्र आपल्या हातात आहे. मी तो गाडी चालत असताना वापरत नाही, तर टोलनाक्याच्या लांब रांगेत किंवा रुंदीकरणाच्या कामामुळे गाड्या खोळंबलेल्या असताना वापरते, कारण तेव्हा बाहेर बघण्यासारखे काही नसते आणि गाडी हलत नसल्यामुळे पोटही ढवळत नाही. चालत्या गाडीत मोबाइल ऐकण्यासाठी आहे. आम्ही घरातल्याच माणसांकडून गोष्टींची ध्वनिमुद्रणे करून घेतली आहेत. नाशिकची आत्या, सांगलीचे आजोबा, अशी ती मंडळी आहेत. आत्या गोष्ट सांगताना मध्येच “ऐकताय ना रे?” असे विचारते आणि धाकटा प्रत्येक वेळी “हो” म्हणून उत्तर देतो. विकत मिळणाऱ्या गोष्टी आवाजाने कितीही सफाईदार असल्या तरी त्यांना असे उत्तर कोणी देत नाही.

खाणे ही करमणूक नव्हे, पण गाडीत ते तसेच वापरले जाते. मूल कुरकुरले की बिस्कीट, पुन्हा कुरकुरले की वेफर्स, आणि मग घाटात त्याची किंमत मोजावी लागते. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, केळी, राजगिऱ्याचे लाडू, नुसते चुरमुरे हे प्रवासाला बरे. चुरमुरे तर एकेक करून खायला दिले की वेळही खातात. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की आणि गोळ्या मात्र चार-पाच वर्षांखालील मुलांना चालत्या गाडीत देऊ नयेत. एखाद्या धक्क्याने दाणा श्वासनलिकेत गेला तर पट्टा सोडून मुलापर्यंत पोहोचण्यातच मोलाचा वेळ जातो. कोल्हापुरात दुपारचे जेवण होते, आणि तिथे दरवेळी चालकमहाशयांना तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची आठवण येते. त्यांनी तो खुशाल घ्यावा, मुलांना दहीभात. पुढे आंबोली आहे.

आंबोलीचा घाट सुरू होण्याआधी आजऱ्याच्या पुढे कुठेतरी झाडाखाली आम्ही पुन्हा थांबतो. खिडक्या थोड्या उघडतो, हातातले सगळे काढून घेतो आणि आल्याची वडी थोरलीच्या तोंडात जाते. तिने उपयोग होतो की नाही ते सांगता येत नाही, पण तिला धीर येतो. उलटीवरचे औषध मुलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. ज्यांना नेहमीच त्रास होतो त्यांनी निघण्याच्या आधीच विचारून ठेवावे. घाटात खेळ बंद, हा आमचा नियम आहे. तो मुलांपेक्षा चालकासाठी अधिक आहे, कारण पावसाळ्यात इथे धुके इतके उतरते की पुढच्या गाडीचे दिवेही पुसट होतात. एरवीही गाडी चालवणाऱ्याला कोणत्याच खेळात घेऊ नये. बाबांनी भेंडी लावायची नाही, कोडे सोडवायचे नाही, मागे वळून ‘काय चाललंय रे?’ म्हणायचे नाही. मुलांना हे पटवायला वेळ लागत नाही, बाबांना लागतो.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम करते, ती म्हणजे काहीच न करणे. साताऱ्याच्या पुढे, किंवा निपाणी सोडल्यावर उत्तूरच्या रस्त्याला, एखादा असा टप्पा येतो की मुले कंटाळतात आणि तसे सांगतात. तेव्हा लगेच नवा खेळ काढू नये. थोडा वेळ कुरकुर चालते, मग धाकटा पट्ट्याच्या टोकाशी बोलायला लागतो, थोरली काचेवरच्या टिकल्यांची शाळा भरवते. मोठ्यांनी सतत पुरवलेल्या करमणुकीची सवय झालेल्या मुलाला दहा मिनिटांची शांतताही सहन होत नाही, आणि चारशे किलोमीटर त्याला रमवत राहणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. आपल्या आईवडिलांनी एसटीच्या लाकडी बाकावर आपल्यासाठी फार काही केले नव्हते, हेही अधूनमधून आठवावे.

परतीचा प्रवास निराळा असतो. जाताना समुद्राची ओढ असते, येताना शाळेची. नद्या पाहून झालेल्या असतात आणि कागदाची पट्टी चुरगळलेली. खंबाटकीला जाताना घाट आणि येताना बोगदा, हे त्या मार्गाचे वर्षानुवर्षांचे वैशिष्ट्य मुलांना उपयोगी पडते, पण तो बोगदा येईपर्यंत दिवस सरत आलेला असतो. म्हणून परतीसाठी नवी सामग्री लागते आणि ती निघाल्यावर थोड्याच वेळात, सावंतवाडीच्या चितारआळीत मिळते. तिथली रंगीत लाकडी खेळणी, विशेषतः फळे आणि भाज्या, गाडीत फार चालतात. लाकडी वांगी, केळी, आंबे दोघांत वाटून दिले की मागच्या सीटवर बाजार भरतो, भाव ठरतात, घासाघीस होते आणि कोल्हापूरपर्यंत सगळा माल दोनतीनदा विकला जातो. खेळणी जाताना न घेता येतानाच घ्यावीत, नाहीतर वेंगुर्ल्यातच त्यांचे नावीन्य संपते. भोवरे मात्र घेतल्या घेतल्या डिकीत टाकावेत, कारण त्यांची दोरी आणि लोखंडी आर दोन्ही चालत्या गाडीत नकोत.